मनोहरचा पाना

अकोल्याच्या जुन्या शहरात रहमानमिस्त्रींच्या दुकानी सायकल टेकवली आणि ‘मागचं चाक डुगडुगतंय’ म्हणालो. त्यांनी पाना उचलला, पण चाकाला लावला नाही. “गुरुजी, तुमाले कोनी सांगतलं नाही काय? अमरावतीच्या मोटारीचा डायव्हर सांगून गेला... मनोहरभाऊ गेले.” त्यांच्या हातातला पाना मनोहरनेच घडवलेला होता. शाळेपासूनचा माझा मित्र, आणि तो गेल्याचं मला त्याच्या गिऱ्हाइकाकडून कळलं. भर रस्त्यात रडलो. त्याला आता महिना होऊन गेला.

अमरावतीत मनोहरचं घराणं भिक्षुकीचं. मुंजी-लग्नं लावणाऱ्या घरातल्या मुलाने पळी सोडून हातोडा उचलला, तेव्हा वडिलांनी बोलणंच टाकलं. मनोहरला मात्र स्वतःबद्दल कधी शंका म्हणून आली नाही. गर्वाचं घर खाली म्हणतात, याचं चांगलं दुमजली होतं! सायकलदुरुस्तीचा चांगला पाना म्हणजे विलायतीच, देशी पान्याचं तोंड चार दिवसांत फाकणार, असा तो काळ. “आपला पाना विलायतीले रडवन,” असं हा सांगत सुटायचा. घरामागच्या टिनाच्या खोलीत त्याने भट्टी लावली, मोटारींच्या जुन्या कमानपाट्यांचं पोलाद आणलं, आणि बघता बघता बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत दुकानादुकानांत त्याचे पाने दिसू लागले. प्रत्येकावर ठसा, ‘मनोहर’.

मग एका उन्हाळ्यात ते तुटू लागले. टिनाखाली उभं राहवेना म्हणून त्याने भट्टी अंगणात काढली होती. पोलाद तेच, हात तेच, तरी पाने काचेसारखे तडकत. रहमानमिस्त्रींनी तुकडे आमच्यापुढे टाकले. “भाऊ, गिऱ्हाइकासमोर मले मान खाली घाला लागली. आता तुमचा माल आमी घ्यावा कसा?” मनोहरचा तसा चेहरा मी पूर्वी पाहिला नव्हता. गावोगाव फिरून त्याने सगळे पाने परत आणले, अंगणात ओतले आणि त्यांच्याकडे पाहत बसला... धंदा दुसराही करता आला असता. पण नाव? ते तुकड्यातुकड्यावर ठोकलेलं होतं.

कोडं सुटलं मनोहरच्या बायकोमुळे, कमलवहिनींमुळे, त्याच अंगणात त्या पापड वाळत घालताना. “भट्टी उन्हात काहून आणली तुमी? बाहेर चूल पेटवली तं मले जाळ दिसत नाही, हात भाजते तवा समजते. तुमाले लोखंडाचा रंग दिसते काय?”

तापलेलं पोलाद डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल झालं की काढून पाण्यात बुडवायचं, पाणी द्यायचं, हे मनोहरचं माप. उन्हात ती लाली दिसतच नव्हती. दिसेपर्यंत तो तापवत राही आणि पोलाद जळून जाई. ऐकून मनोहर पोट धरून हसला. भट्टी पुन्हा आत गेली, खिडकीवर काळं घोंगडं चढलं. नवे पाने घेऊन तो अकोल्याला गेला आणि म्हणाला, “मिस्त्री, तोडून दाखवा!” मिस्त्री पान्याला लांब नळी अडकवून अक्षरशः लोंबकळले. नटाचे कोपरे झिजले, पाना जसाच्या तसा. मग चहा आला, आणि मागणीही.

परवा वहिनींना भेटायला गेलो. कारखान्याला कुलूप असेल, अशी मनाची तयारी करूनच गेलो होतो. पण भट्टी धगधगत होती. कारागीर शंकर सांडशीत पाना धरून घुटमळत होता. काढावा की नाही, हे विचारायला माणूस उरला नव्हता... तेवढ्यात वहिनी आत आल्या. खिडकीवरचं घोंगडं जरा सरकलं होतं, ते त्यांनी नीट ओढून घेतलं आणि भट्टीपाशी वाकल्या.

“थांब. अजून नाही...” भात्याचा आवाज तेवढा येत होता. “काढ आता.”

पाणी चरचरलं. सगळे सोपस्कार होऊन पाना तयार झाला, तेव्हा वहिनींनी तो नटावर चढवला, नळी अडकवली आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

“भाऊजी, लावा जोर. मनात काही ठेवू नका.”

मी होता नव्हता तेवढा जोर लावला. पाना तुटला नाही.