वाटलं तर लिहा

दिराच्या नागपूरच्या डॉक्टरकीच्या अर्जात शेवटी एक कोरी जागा होती. डॉक्टर का व्हायचं ते वाटलं तर लिहा, नाहीतर सोडा, असं तिथं इंग्रजीत छापलं होतं. मी चौथी शिकलेली, त्यानंच सांगितलं. त्या जागेत त्यानं माझा क्षय लिहिला होता.

तो आजार घरात फक्त नवऱ्याला आणि दिराला माहीत होता. मूल राहत नाही म्हणून नांदुऱ्याच्या दवाखान्यात सुया चालू आहेत, असं सासूला सांगितलं होतं. नवऱ्याला शेतातून सुटका नसे, म्हणून दीरच मला मोटारीनं नेई. खोकला थांबला, डॉक्टरांनी बरी झालीस म्हटलं. पण क्षयाच्या बाईला आमच्याकडे बरी कोणी म्हणत नसे. आमच्या गल्लीतली एक सून क्षयापायी माहेरी धाडली, तिच्या जागी दुसरी आली. पहिलीची भांडी उकिरड्यावर पडलेली मी पाहिली होती.

"भाऊजी, खोडा ते," मी म्हटलं.

"तुमचं नाव नाई लिह्यलं, वहिनी. घरातलं एक माणूस, एवढंच हाय."

"अन् घरात खोकत कोण होतं?"

"कोरं सोडलं तं माह्यात अन् दुसऱ्या पोरात फरक काय राह्यला?"

"फरक पाडासाठी मीच सापडली का तुमाले?"

त्यानं खोडलं नाही.

सासरे एका खरेदीखतात फसले होते. तेव्हापासून प्रत्येक कागद ओसरीवर मोठ्यानं वाचून घेतल्याशिवाय ते सही करत नसत. वाचणारा काही गाळतो का हे पाहायला शाळेतल्या गुरुजींना शेजारी बसवत. या अर्जावर सही करतानाही बसवलं. मी दाराआड तूर निवडत होते. खड्यांबरोबर तूरही खाली टाकत होते.

"आता खालचं वाच," सासरे म्हणाले.

"ते वाटलं तर लिहाचं हाय, बाबा. त्याले काई अर्थ नाई."

"अर्थ नाई तं लिह्यलं काऊन? वाच."

गुरुजी कागदावर वाकले. दिरानं मराठीत सांगितलं: घरातल्या एका माणसाला क्षय झाला, ते दवाखान्यात बरं होताना मी पाहिलं, म्हणून मला डॉक्टर व्हायचं आहे.

सासू आतून आली. "कोणाले झाला?"

मागून कळण्यापेक्षा आत्ताच कळू दे म्हणून मी म्हटलं, "मले."

सासूनं पदर नाकाला लावला. "म्हंजे त्या सुया! उद्याच हिच्या भावाले निरोप धाडा. घेऊन जा म्हना."

"थांब वं," सासरे म्हणाले. "माणूस बरं झालं, असं हाय ना कागदात?"

"हाव," गुरुजी म्हणाले.

"मंग हिले धाडलं अन् नागपूरहून साहेब पाह्याले आला तं? कोणाले दाखवू? पोराचा कागद खोटा पडंन."

तलाठी वहीत लिहिलेलं पीक बांधावर येऊन पाहून जाई. हा कागदही तसाच, असं सासऱ्यांनी धरलं.

"येते का हो असा साहेब?" सासूनं गुरुजींना विचारलं.

गुरुजींनी एकदा दाराकडे पाहिलं. "सांगता येत नाई," ते म्हणाले.

सही झाली. निरोप गेला नाही. सासूनं माझा ताट-पेला वेगळा केला, मला चुलीपासून उठवलं. दिराला नागपूरला प्रवेश मिळाला. मार्कांनी मिळाला की त्या लिखाणानं, कोणी सांगितलं नाही. पुढं गावात कोणी पँटवाला मोटारीतून उतरला की सासू मला चांगलं लुगडं नेसून ओसरीवर बसवी. मी बसे. साहेबाची भीती मला नव्हती. असा साहेब येतच नसतो हे सासऱ्यांना कुणी सांगेल, याची होती.

दीर सुटीला आला की सासरे हटकून विचारत, "कवा येनार बे तुहा साहेब?"

मी जिथं असेन तिथं थांबे.

"यीन बाबा, त्याहिले लय गावं हायत," तो म्हणे. मग मी पुढच्या कामाला लागे.