उमेदवाराचा चहा

शामराव काकांच्या ओसरीवरून चहा न पिता कोणी उठल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात त्यांची-आमची भिंतीला भिंत. वीजबिल वाटणारा असो की हरवलेली म्हैस शोधत आलेला, उठू पाहणाऱ्याचे खांदे काका दोन्ही हातांनी खाली दाबत. "पेल्याबिगर जाचं नाई. अवं, चहा मांड."

अंगणवाडीपुढच्या उघड्या नालीत दर आठवड्याला एखादं लेकरू पडायचं. त्या नालीवर फरशी टाकायची, एवढ्याच हट्टापायी काका ग्रामपंचायतीला उभे राहिले. तहसीलमध्ये उमेदवारांची बैठक झाली. मत मिळावं म्हणून पैसा, साडी, दारू, जेवण, काहीही दिलं तरी ती लाच आणि घेणाराही दोषी, असं निवडणुकीच्या साहेबांनी सांगितलं. काका उठले. "सायेब, अन् चहा?"

"पाहुणा म्हणून पाजला तर पाहुणचार, मतासाठी पाजला तर लाच. तुमच्या मनात काय आहे त्यावर."

 परतताना जीपमधून गावात उतरल्यावर काका म्हणाले, "गड्या, फसलो. आजकाल कोणाले बी चहा देताना माह्या मनात मतच येते."

दुसऱ्या दिवसापासून ओसरीवरचा चहा बंद. पाणीसुद्धा "हे नळाचं हाये, माह्यं नाई," असं बजावून मिळे. मी प्रचारप्रमुख होतो, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. पण मीही मतदारच, म्हणून मलाही बंद. काकीही मतदार, त्यांनाही बंद. निवडून यायच्या आधीच शामराव माजला, असा गावभर बोभाटा झाला. काकांच्या विरोधात उभ्या असलेल्या गजाननकडे मात्र दिवसभर पातेलं उकळत होतं.

मी वैतागून म्हणालो, "काका, कपभर चहात कोण विकल्या जाते?"

"मी जाईन ना," काका म्हणाले. "साखर जास्त घालून देल्ली तं मी कोणाले बी मत देईन."

काका एका मतानं पडले. अजून एक मत पडतं तर बरोबरी होऊन चिठ्ठी निघाली असती. मला अक्षरशः रडू आलं. संध्याकाळी ओसरीवर पुन्हा चहा सुरू झाला. गजानन स्वतः आला, दोन कप प्यायला आणि "काका, नालीवर फरशी मी टाकतो," असं सांगून गेला.

काकींना मात्र चैन पडेना. "आपलं घरचं म्हणावं असं एक मत कोणाचं फुटलं असन?"

काका बशीवर फुंकर मारत होते. "माह्यं. कोणीच नाई म्हणून शेवटचं बटन असते, ते दाबलं."

काकींच्या हातातली गाळणी थांबली. "काहून?"

"महिनाभर उमेदवाराच्या घरचा चहा मी एकट्यानं पेलो ना व. घेणारा बी दोषी असते म्हणे."

काकांना जाऊन वर्ष झालं. नालीवर फरशी आहे. तिच्यावरून जाताना मला अजून चहाची तल्लफ येते.