अनुदान न मिळाल्यास

मला कुणाकडे काही मागता येत नाही. बरीच वर्षं मी हे अभिमानाने सांगत असे. हल्ली दोष म्हणून सांगतो, म्हणजे तेवढी प्रगती आहे.

नाशिकला आमच्या घरची शिस्तच तशी होती. शेजारी कुणी लाडू पुढे केला की पोटात कावळे ओरडत असले तरी ‘नको, आत्ताच जेवून आलो’ म्हणायचं आणि तिसऱ्या आग्रहाला हात पुढे करायचा. सौदीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका कचेरीत गहवा, म्हणजे अरबी कॉफी, पुढे आला. मी सवयीने नको म्हणालो. त्या भल्या माणसाला ते खरंच वाटलं आणि तो पुढच्याकडे वळला. दुसरा आग्रह होईल म्हणून मी अर्धा तास हसरा चेहरा करून बसून राहिलो. त्यातून काही शिकायला हवं होतं, पण इंजिनिअर माणूस एका उदाहरणावरून निष्कर्ष काढत नाही.

मी रास अल खैरला एका कंत्राटदार कंपनीत आहे. आमच्या कामगारांचा कॅम्प तिथेच, प्रकल्पाच्या कडेला. खोल्यांना जुने खिडकीतले एसी. उन्हाळ्यात भर दुपारी सगळे एकदम चालू झाले की वीज ट्रिप व्हायची. आणि भर दुपारीच रात्रपाळीची माणसं झोपलेली असत. एसी बंद पडला की दहा मिनिटांत सगळी उठून बाहेर, भिंतीच्या सावलीत उकिडवी बसायची. मग रात्री तीच माणसं उंचावर चढून वेल्डिंग करायची. दोघे तोल जाऊन पडता पडता वाचले होते. हे मला सांगायचे ते आमचे कॅम्प बॉस. रत्नागिरीकडचे, साठीला आलेले, कॅम्पमध्येच राहणारे. मी त्यांना चाचा म्हणतो, ते मला साहेब म्हणतात.

त्याच सुमारास सरकारने कमी कार्बनच्या सामूहिक शीतकरणासाठी अनुदान जाहीर केलं. थंड देशांत एका ठिकाणी पाणी तापवून नळांतून घराघरांत ऊब पोचवतात. आमच्याकडे त्याचा उलटा प्रकार. शेजारच्या कारखान्याची वाया जाणारी वाफ घ्यायची, तिच्यावर चालणारं यंत्र बसवायचं, पाणी गार करायचं आणि ते नळांतून कॅम्पभर फिरवायचं. खिडकीतले एसी गेले, विजेचा भार गेला, धूरही कमी झाला. आराखडा मी केला. तो चांगला होता, आणि तसं माझ्याबद्दल मला क्वचितच म्हणता येतं.

मॅनेजरने एका वाक्यात धोरण सांगितलं. “अनुदान मिळालं तर करू, नाहीतर खलास.”

अर्ज भरायचं काम माझ्याकडे आलं. तांत्रिक भाग मी असा भरला की वाचणाऱ्याला घाम फुटावा. मग अकरावा रकाना आला. अनुदान न मिळाल्यास प्रकल्पाचे काय होईल?

मला तो प्रश्न जरा अपमानकारकच वाटला. समोर सगळे लाडू घेऊन उभे आहेत आणि मी जीभ बाहेर काढून बघतोय, असं काहीतरी. माझ्या हातून आपोआप उत्तर उतरलं. आमची कंपनी पूर्णपणे समर्थ असून अनुदान न मिळाल्यासही प्रकल्प स्वबळावर पूर्ण करील. हे खोटं होतं हे मला माहीत होतं. पण वाक्य इतकं रुबाबदार उतरलं होतं की ते मी ठळकही केलं. मॅनेजरने न वाचता सही केली, कारण सगळे मॅनेजर तशीच करतात.

काही आठवड्यांनी पत्र आलं. पहिल्याच ओळीत ‘अभिनंदन’ होतं. मी पुढचं वाचायच्या आधी चाचांना फोन लावला. “चाचा, झालं काम!” त्यांनी लगेच हुफूफच्या खजुराचा डबा फोडून कॅम्पभर वाटला. मग मी दुसरी ओळ वाचली. आपण मदतीशिवाय प्रकल्प पूर्ण करण्यास समर्थ आहात याबद्दल अभिनंदन. अनुदान केवळ त्याशिवाय होऊ न शकणाऱ्या प्रकल्पांसाठी राखीव आहे. आपणांस शुभेच्छा.

जुबैलला घरी जाऊन मी तणतणलो. ही काय पद्धत, हा काय न्याय वगैरे. नववीतल्या मुलीने पत्र आणि माझा अर्ज शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि म्हणाली, “बाबा, यू टोल्ड देम यू डोन्ट नीड इट. दे बिलीव्ह्ड यू.” तिला मराठीत बोल म्हणून ओरडलो, कारण दुसरं काही ओरडण्यासारखं उरलं नव्हतं.

मी अनुदानाच्या कचेरीतही जाऊन आलो. तिथल्या तरुण सौदी बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा,” त्या म्हणाल्या, “आणि त्या रकान्यात खरं लिहा.” त्यांनी गहवा पुढे केला. मी दोन कप प्यायलो.

मग चाचांना सांगायला गेलो. अख्ख्या कॅम्पने खजूर खाल्लेला. मी आडवळणाने बरंच बोललो. नियम, धोरण, रकाना. त्यांनी सगळं ऐकलं.

“म्हंजे तुमाला मागायची लाज वाटली?”

“तसंच काहीतरी.”

“लाज कसली ओ साहेब? तुमी काय सोतासाठी मागत होतात?”

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचाय, एवढंच मी सांगितलं.

पुढच्या वर्षी अर्ज भरताना मी चाचांना ऑफिसात शेजारी बसवून घेतलं. अकराव्या रकान्यात मी लिहिलं, ‘अनुदानाअभावी प्रकल्पास काहीशी अडचण येण्याची शक्यता आहे.’ आणि त्यांना मराठीत वाचून दाखवलं.

“काहीशी?” चाचा म्हणाले.

मी ते खोडून ‘बरीच’ केलं.

“शक्यता कसली? होनार हाय की नाय?”

“नाही होणार.”

“मग तेच लिवा की. दुपारची पोरं झोपत नायत, तेपन लिवा. रात्री वर चढतात, तेपन.”

मी लिहिलं. चार साधी वाक्यं. आराखड्याला पडले होते त्यापेक्षा जास्त कष्ट मला त्या चार वाक्यांना पडले. ते वाचून मॅनेजरचा चेहरा जरा पडला, पण त्याने सही केली. अनुदान मंजूर झालं.

नळ टाकायला, यंत्र बसवायला हिवाळा गेला. पण त्याआधीच, उन्हाळा सरता सरता, चाचा एक कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आले होते. त्यांच्या कायमच्या परतीचा अर्ज. माझी सही हवी होती. तारीख आधीच ठरलेली होती, माझ्या शेजारी बसून ते माझ्याकडून ती चार वाक्यं लिहून घेत होते तेव्हाही. मी पहिल्याच वर्षी खरं लिहिलं असतं तर त्यांचा इथला शेवटचा उन्हाळा गार खोलीत गेला असता. तो त्यांनी पोरांबरोबर भिंतीच्या सावलीत काढला, आणि तो मी घालवला.

जूनमध्ये गार पाणी कॅम्पभर फिरू लागलं. भर दुपारी मी तिथे गेलो. बाहेर भिंतीशी कुणी नव्हतं. मी रत्नागिरीला व्हिडिओ कॉल लावला. चाचा अंगणात खुर्ची टाकून बसले होते.

“माझी खोली दावा,” ते म्हणाले.

मी दार उघडून फोन आत धरला. रात्रपाळीचे चौघे झोपले होते, डोक्यावरून पांघरूण घेऊन.

“चाचा,” मी म्हणालो, “मला तुमची माफी...” आणि तेही मला धड मागता येईना. “तुमचा तो उन्हाळा...”

“साहेब,” ते हळू आवाजात म्हणाले, “आधी दार लोटा. गारवा जातोय.”