आप्पांच्या तोंडून कोण बोललं?

या सदरातले अनुभव मी लंच टाइममध्ये वाचते, आणि खरं सांगू? बहुतेक वेळा हसायलाच वाचते. परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी नोकरी करते. काचपट्टीवर दिसेल तेच खरं, असा माझा धंदा. त्यात आमचं घर बौद्ध. बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून भिंतीवर लावलेल्या. अंगात येणं, उतारे, नवस यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. तरी आज लिहायला बसलेय... कारण हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

माझ्या वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. नाव धोंडू. वय आता ऐंशीच्या घरात. सैन्यात ड्रायव्हर होते. एकाहत्तरच्या लढाईत त्रिपुराच्या सीमेवर दारूगोळा पोचवायचे. एका दुपारी ट्रकशेजारी तोफेचा गोळा फुटला आणि ट्रक उलटला. आप्पा शुद्धीवर आले ते कुणाच्या तरी गोठ्यात. कानात नुसती शिट्टी. एक बाई त्यांना भरवत होती, पण ती काय बोलते ते कळत नव्हतं. उभं राहायला जमेपर्यंत बरेच दिवस गेले. मग घरच्या माणसाने त्यांना सडकेपर्यंत आणून सोडलं.

तळावर पोचले तर युनिट सीमेपार गेलेलं. उलटलेला ट्रक रिकामा सापडलेला. अंगावर दाखवायला जखम नाही. साहेबांनी विचारलं, "कुठल्या गावात होतास?" आप्पांना नाव सांगता येईना. झालं! ‘विनापरवानगी गैरहजर’ — सर्व्हिस रेकॉर्डवर लाल शाईचा शेरा बसला आणि बाहीवरची फीत गेली.

निवृत्तीनंतर ते कॉटन ग्रीनला एका गोदामावर वॉचमन होते. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आमच्या चाळीतले माजी सैनिक मेडल लावून पुढे चालायचे. आप्पा गॅलरीतून बघायचे. एका लग्नात कुणीतरी थट्टेत ‘पळपुटा’ म्हणालं, तेव्हापासून त्यांनी लग्नाकार्यालाही जाणं सोडलं. आम्हाला कधी काही बोलले नाहीत. आईला एकदाच म्हणाले होते, "मेल्यावर तरी तो शेरा पुसा."

आमच्या ओळखीचे लालबागचे सावंतकाका निवृत्त सुभेदार. माजी सैनिकांची असली कामं ते हौसेने करतात. त्यांनी अर्ज केला, रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं — पुरावा द्या. काका आईला म्हणाले, "वहिनी, साक्षीदार व्हयो. त्या गावातलो जिवंत मानूस. पण गावाचा नावच म्हायत नाय, तर मी जावचा खंय?"

तेवढ्यात आप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घशातून आवाज यायचा, पण शब्द नाही. अर्ज तसाच राहिला. एक वर्ष गेलं, मग दुसरं.

गेल्या वर्षी एका रविवारची गोष्ट. भरदुपार. मी कपडे वाळत घालत होते, आई भांडी लावत होती. आतून कुणीतरी बोललं. आईच्या हातातलं पातेलं पडलं.

आप्पा बोलत होते! स्वच्छ, सलग. आवाज त्यांचाच, पण बोलणं आमच्या कुणाच्याच ओळखीचं नाही. "उठ रे बाबा, दुगा भात खा..." पुन्हा पुन्हा तेच.

त्यातला ‘भात’ तेवढा कळला. आई धावत ताटलीत भात घेऊन आली. आप्पांनी डाव्या हाताने घास केला आणि स्वतः न खाता आईच्या तोंडापुढे धरला. डोळे तिच्याकडे, पण नजर तिच्यावर नाही. मग पुढे बोलतच राहिले.

खालच्या मजल्यावर तपन राहतो, सोन्याच्या दागिन्यांचा बंगाली कारागीर. गॅलरीतून त्याला हाक मारली. तो लुंगीवरच वर आला, दारात दोन मिनिटं ऐकलं आणि आप्पांच्या पलंगाजवळ आला.

"दीदी, अंकल बांगला कब सीखे?"

"शिकलेच नाहीत रे! काय म्हणतायत ते सांग."

"ये हमारे कोलकाता का नहीं है, त्रिपुरा साइड का है. मेरी नानी ऐसा बोलती थी." तो ऐकत ऐकत सांगू लागला. "बोल रहे हैं, बेटा उठ, थोडा भात खा ले. हमारा गांव शिमुलछडा. कोई पूछे तो बोलना, शिमुलछडा के निमाई की मां ने रखा था." मग आप्पांकडे नीट बघून म्हणाला, "अभी बोले... मेरे पोते का नाम तेरे नाम पे रखा है. धोंडू. ये धोंडू कौन है?"

आईने आप्पांकडे बोट दाखवलं.

त्यानंतर आप्पा गप्प झाले. मी "आप्पा, आप्पा" करून हलवलं, पण पुन्हा तेच घशातलं घुं-घुं.

मी लगेच विश्वास ठेवला असं समजू नका. न्यूरोलॉजिस्टना भेटले. ते म्हणाले, बेशुद्धीत कानावर पडलेली भाषा मेंदूत कुठेतरी पडून राहते, झटक्यानंतर कधी वर येते. पटलं मला. गावाचं नावही तेव्हाच ऐकलेलं असणार. पण मग नातवाचं नाव? ते तर आप्पा तिथून परतल्यानंतरचं. सावंतकाका म्हणाले, "ता मागाहून बघू. आधी गाव हा काय नाय, ता बघ."

शिमुलछडा होतं. मी इंटरनेटवरून तिथल्या ग्रामपंचायतीचा नंबर काढून दिला, फोन तपनने केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "निमाईबाबू? अच्छा, धोंडूचे वडील! मुलगा बॅटरी रिक्षा चालवतो, थांबा, देतो त्याला."

तपनने फोन कानापासून लांब धरला आणि स्पीकर चालू केला.

त्रिपुरातल्या खेड्यात धोंडू नावाचा रिक्षावाला! लढाईनंतर दहाएक वर्षांनी जन्मलेला. त्याच्या आजीने हट्टाने ठेवलेलं नाव. आप्पांचा वर्दीतला फोटो मोबाइलवर पाठवला. निमाईबाबूंनी लगेच ओळखलं. लढाईच्या वेळी ते पंधरा-सोळा वर्षांचे होते. आप्पांना खाचरातून उचलून आणताना आप्पांचे पाय निमाईबाबूंनीच धरले होते.

साक्ष तिथल्या कोर्टात नोंदवायची होती. आप्पांजवळ भावाला ठेवून आई, सावंतकाका आणि मी गेलो. निमाईबाबूंनी सगळं सांगितलं. कानातून वाहणारं रक्त, गोठा, बाहेर चाललेला तोफांचा मारा, हा माणूस चालण्याच्या स्थितीत नव्हता हे सगळं. वर म्हणाले, "आमच्याकडे कुणी विचारायलाच आलं नाही." काकांनी कागद छातीशी धरले आणि कोर्टाच्या पायरीवर रुमालाने डोळे पुसले.

काही महिन्यांनी पत्र आलं. लाल शेरा रद्द. काकांनी ते आप्पांच्या पलंगासमोर सावधान उभं राहून मोठ्याने वाचलं आणि सॅल्यूट केला. आप्पांनी डोळे मिटले. पाणी कानाकडे ओघळत गेलं. ते समजले, याबद्दल मला शंका नाही.

इथपर्यंत ठीक आहे. पण त्रिपुरातली एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवलीय, कारण ती अजून माझ्याकडून नीट सांगून होत नाही.

निमाईबाबूंची आई जिवंत आहे. नव्वदीच्या पुढची, अंथरुणाला खिळलेली. कुणाला ओळखत नाही. भाषा तिला एकच येते, तिच्या गावची. साक्ष झाल्यावर आई तिला भेटायला आत गेली, मी मागे. आईने सोबत नेलेलं लुगडं तिच्या अंगावर घातलं आणि पायांवर डोकं ठेवलं. म्हातारीने डोळे उघडले. आईची हनुवटी धरली आणि म्हणाली,

"येसू, जेवलीस का गं?"

मराठीत. आमच्या घरातल्या मराठीत.

आईचं नाव यशोदा. येसू तिला कोण म्हणतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आणि लढाईच्या वेळी आप्पांचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. बेशुद्धीत बडबडले असतील म्हणावं, तर तेही जमत नाही.

आई दचकली नाही. म्हणाली, "जेवले. तुम्ही घ्या आता." म्हातारी हसली आणि झोपली.

मला याचा अर्थ लागलेला नाही. डॉक्टरांनाही विचारून झालं. कुणाला कारण सापडलं तर जरूर कळवा. परतीच्या वाटेवर मी आईला विचारलं, "घाबरली नाहीस?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "गोदामावरून आले की रोज विचारायचे," ती म्हणाली, "तुम्ही पोरं झोपलेली असायचात." मग पदराने नाक पुसून म्हणाली, "आजारी पडल्यापासून आज पहिल्यांदा विचारलं गं त्यांनी."