आपखुशीची कचेरी

आमच्या कचेरीतले कागद एव्हाना वाळवीनं संपवले असतील. किस्से मात्र माझ्याकडे जसेच्या तसे पडून आहेत, आणि गंमत म्हणजे ते वाढतच चाललेत. एक सांगायला बसलो की त्याच्या मागून दुसरा विसरलेला उठून येतो. बायको म्हणते, निम्मे तुम्ही रचलेले असणार. तिला काय सांगू! यातला एखादा रचण्याएवढी अक्कल असती तर मी कारकून म्हणून रिटायर झालो असतो का?

आधी कचेरी कसली ते सांगतो. महाराजांच्या कारकिर्दीतली गोष्ट आहे. कोल्हापूरच्या दवाखान्यात खेड्यापाड्यांतून आजारी माणसं बैलगाडीत घालून आणायचे. आजाऱ्याला आत खाट मिळायची, पण त्याच्याबरोबर आलेली माणसं बाहेर गाडीखाली झोपायची. त्यांच्यासाठी धर्मशाळा बांधायचं ठरलं. दरबारनं जागा दिली, दगड दिला. बाकीचं लोकांकडून घ्यायचं होतं.

आता घ्यायचं कसं, यावर जुंपली. वसुलीचे साहेब म्हणाले, दर घरामागं पट्टी बसवा, महिन्यात भिंती उभ्या राहतील. आमचे वरिष्ठ आबासाहेब म्हणाले, पट्टी बसवली तर तो कर झाला, त्यात दान कुठं राहिलं? सरकारनं मागावं, जरूर मागावं, पण हात पिरगाळू नये. शेवटी असं ठरलं की आबासाहेबांनी दसऱ्यापर्यंत मागून बघावं. तोवर इमारत पुरी झाली नाही, तर घरोघरी पट्टी बसणार आणि आबासाहेबांची बदली मलकापूरला होणार.

कचेरी म्हणजे एक खोली, एक टेबल, आबासाहेब आणि मी. गावानं तिचं नाव ठेवलं 'आपखुशीची कचेरी'. आबासाहेबांचा नियम एकच होता. एकदा मागायचं, एकदा आठवण करायची. तिसऱ्यांदा गेलास तर ती वसुली झाली, असं ते मला बजावायचे.

*

पहिलं काम म्हणजे गावोगावी पत्रक धाडणं. ज्याला जे द्यावंसं वाटेल ते त्यानं आपखुशीनं द्यावं, असं मी घोटीव अक्षरात लिहिलं आणि खाली दरबारचा शिक्का मारला. तीन दिवसांत एका गावाहून जोंधळ्यानं भरलेली गाडी दारात उभी! मी टेबलावर चढून नाचायचाच बाकी होतो. आबासाहेबांनी मात्र गाडीवानाला पाणी दिलं आणि गावात पत्रक कसं वाचलं ते विचारलं.

"पाटलांनी दवंडी दिली की," गाडीवान म्हणाला. "सरकारचा हुकूम हाय, समद्यांनी आपखुशीनं द्यायाचं. जो आपखुशीनं देनार न्हाय, त्याला चावडीवर बशिवलं जाईल."

आबासाहेबांनी गाडी भरलेली तशीच परत पाठवली. माझा जीव तुटला. चौथ्या दिवशी त्याच गावच्या दोन गाड्या आल्या. पुढच्या गाडीत जोंधळा होता, मागच्या गाडीत बायका होत्या. त्यातली एक खाली उतरून सरळ टेबलापाशी आली.

"आमचं धान्य माघारी लावून देताय व्हय? आता कुनी सांगितल्यालं न्हाय, आमचं आमी आणलंय. उतरून घ्या."

मी मुकाट्यानं पोत्याला हात लावला.

*

दुसऱ्या एका गावानं धान्य पाठवलं नाही, अर्ज पाठवला. आपखुशी दर घरी किती ठरली आहे ते कळवावं, म्हणजे गोळा करायला बरं, असं त्यात लिहिलं होतं. आबासाहेबांनी कळवलं की काहीही ठरलेलं नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

इथं घोटाळा झाला. गावानं ते शब्दशः घेतलं आणि ठरवायला सभा भरवली. कुणी म्हणे शेतावर ठरवा, कुणी म्हणे बैलांवर ठरवा, कुणी म्हणे घरात खाणारी तोंडं मोजा. पंधरा दिवस रोज सभा! कामं खोळंबली. दोन सख्खे भाऊ बोलेनासे झाले.

शेवटी त्या गावचे कुंभार आमच्या कचेरीत आले. आले ते कौलांच्या गाड्या घेऊनच. धर्मशाळेला लागतील तेवढी सगळी कौलं आम्हीच देतो, म्हणाले. मी भारावून गेलो, आणि एवढं मोठं मन कसं झालं, असं त्यांच्या म्होरक्याला विचारलं.

"मोठं कसलं वो," तो म्हणाला. "ती सभा थांबवा फकस्त."

*

इमामभाई पिंजारी यांचं कापूस पिंजायचं दुकान पेठेत होतं. त्यांच्याकडे मी एकदाच गेलो आणि चार गाद्या मागितल्या. बघू, म्हणाले. पुढच्या महिन्यात धर्मशाळेच्या पडवीत एका सकाळी वीस गाद्या रचून ठेवलेल्या सापडल्या. टाके बघूनच कळत होतं कुणाचा हात आहे तो.

मी दरबारच्या शिक्क्याचं आभारपत्र घेऊन धावत दुकानात गेलो. इमामभाईंनी हातातलं काम थांबवलं नाही. कुठल्या गाद्या, म्हणाले. मी म्हटलं, टाका तुमचा आहे. ते म्हणाले, तसला टाका कोल्हापुरात कुणीही घालतं. मी पत्र पुढं केलं तसं त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा वर बघितलं.

"पावणं, हा मामला माझा अन् अल्लाचा. मधी सरकार कशाला घालताय?"

पत्र घेऊन परत आलो आणि आबासाहेबांना सगळं सांगितलं. ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाले, हेच मी त्या वसुलीच्या साहेबांना चार महिने सांगतोय, मला इतकं नीट कधी सांगता आलं नाही.

*

तालमींचा किस्सा तर विचारूच नका. एका तालमीच्या पैलवानांनी छपराला एक तुळई दिली. नुसती दिली नाही, आठ जणांनी खांद्यावर घेऊन हलगीच्या तालावर भर बाजारातून मिरवत आणली. पलीकडच्या पेठेतल्या तालमीनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दोन तुळया आल्या, हलग्याही दोन. मग पहिल्यांच्या आणखी तीन आल्या.

इमारतीला लागत होत्या चार! मी घाबरून दुसऱ्या तालमीच्या वस्तादांना निरोप पाठवला की आता लाकूड पुरे. तासाभरात वस्ताद स्वतः दारात उभे राहिले. दार त्यांच्या अंगानं भरून गेलं.

"त्यांचं घेतलं आन आमचं नको? आमच्या तालमीचं लाकूड किडकं हाय व्हय?"

मी आबासाहेबांकडे बघितलं. आबासाहेबांनी शांतपणे इमारतीचा नकाशा उलगडला आणि मागच्या अंगाला बोट ठेवून म्हणाले, वस्ताद, इथं आणखी एक पडवी काढायची आहे, ती कुणाकडून घ्यावी याच विचारात होतो. अशी पडवी नकाशात नव्हती, आमच्या स्वप्नातही नव्हती. पण ती झाली. दोन्ही तालमींच्या पैलवानांनी मिळून भिंतीसुद्धा उचलल्या, आणि काम चालू असताना एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

*

आता शेवटचा सांगतो.

दसरा दोन दिवसांवर आला. छप्पर होतं, गाद्या होत्या, धान्य होतं, चुली मांडून झाल्या होत्या. दार तेवढं नव्हतं. इचलकरंजीच्या एका व्यापाऱ्यानं सागवानी दार देतो म्हणून शब्द दिला होता. एकदा मागून झालं होतं, एकदा आठवण करून झाली होती. दार काही येईना.

मी आबासाहेबांच्या पाया पडायचा बाकी राहिलो. मी जातो, दार घेऊनच येतो, म्हटलं. "घेऊन येशील, ते माहीत आहे मला," आबासाहेब म्हणाले. "म्हणूनच जायचं नाही." आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला त्यांचा राग आला. घरी जाऊन जेवलो नाही. एका दारापायी राज्यातल्या प्रत्येक घरावर पट्टी बसणार होती, आणि हा माणूस नियम धरून बसला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वसुलीचे साहेब पाहणीला आले. सोबत त्यांचा कारकून, त्याच्या हातात रिपोर्टाचा कागद. साहेबांनी तुळया बघितल्या, कौलं बघितली, वाकून गादी दाबून बघितली. जास्तीची पडवी बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. मग ते पुढच्या बाजूला आले आणि मोकळ्या चौकटीसमोर थांबले.

"दार कुठं आहे?"

आबासाहेब म्हणाले, मिळालं नाही. साहेब म्हणाले, मग इमारत अपुरी. मी खाली मान घातली.

आत चुलीपाशी एक म्हातारी झाडत होती. मलकापूरकडची. नवरा दवाखान्यात होता, आणि ती महिनाभर गाडीखाली झोपत होती. इमारतीवर कौलं चढली त्या दिवसापासून ती कुणालाही न विचारता रोज येऊन झाडून जायची. तिनं हातातला झाडू भिंतीला टेकवला आणि उंबऱ्यापाशी आली. समोर कोण उभं आहे ते तिला माहीत नव्हतं.

"दार कशाला हवं वो साहेब?"

साहेब म्हणाले, बाई, इमारतीला दार लागतं.

"लावलं की कुनीतरी कडी घालनार," म्हातारी म्हणाली. "मी मालकास्नी घिऊन आल्ते, तवा या गावातली समदी दारं लागल्याली हुती. माझ्या मागनं जे कुनी येईल, त्येला एक तरी उघडं घावू द्या की."

साहेबांनी त्या चौकटीतून आत बघितलं. मग त्यांनी पायांतले बूट काढले, उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवले, आत पाऊल टाकलं आणि मागं वळून आपल्या कारकुनाला म्हणाले,

"लिहा. इमारत पुरी आहे."