अर्लीनच्या जोड्यातली चीर

मर्ल क्राऊझने ओहायोत जन्मभर शाळेची बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर सातशे वर्षांपूर्वीच्या तऱ्हेचे जोडे शिवायला घेतले. हौसेला मोल नाही म्हणतात. मर्लच्या हौसेला मापही नव्हतं. पहिला जोडा कुत्र्याने पळवला, तर कुत्र्याला तरी पारख आहे असं तोच गावभर सांगत सुटला. दुसरा, उलटा शिवून भिजवून सुलटा करायचा, तो उलटतानाच टाचेपाशी फाटला. "यापेक्षा बस वळवणं सोपं होतं," तो म्हणाला.

हसण्यावारी न्यायचा, पण जुन्या काळाचे वेष करून भरणाऱ्या मध्ययुगीन मेळ्यातला 'अस्सल' लिहिलेला बिल्ला त्याला हवा होता. परीक्षक रॉइस दर उन्हाळ्यात त्याचं काम बघून "मेहनत दिसते हं" एवढंच म्हणायचा, आणि मर्लला दिवसभर जेवण जायचं नाही. यंदा त्याने बायकोसाठी गुपचूप जोडे केले. माप घेतलं तिच्या लग्नातल्या पांढऱ्या बुटांवरून. टाके इतके सरळ आले की त्याला स्वतःच्याच हातांचा संशय आला.

मेळ्याच्या सकाळी जोडे तिच्या हाती देऊन तो कॉफी आणायला गेला. परत तंबूत शिरला, तर अर्लीन सफरचंद सोलायच्या सुरीने उजव्या जोड्याला अंगठ्याशी चीर देत होती.

"अगं, काय करतेस हे?"

"अरे, हे हाड आत मावत नाहीये. काढून खिशात ठेवू का?"

"कसलं हाड?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "केव्हाचं वर आलंय, मर्ल. बातम्या बघताना मी तिथे बर्फ धरून बसते, तुझ्या शेजारी. तू आरीला धार लावत असतोस."

तेवढ्यात रॉइस आलाच. मर्लने कपाळाला हात लावला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रॉइस वाकून बघत राहिला.

"टाके बरे आहेत. पण ही चीर! जमिनीतून निघालेल्या जुन्या जोड्यांना अशाच चिरा असतात, दुखऱ्या हाडाला जागा म्हणून. कुणाला सुचलं हे?"

अर्लीनने सुरी हळूच मर्लपुढे सरकवली. नवऱ्याला श्रेय घेता यावं म्हणूनच.

"तिला," मर्ल म्हणाला. "मी लग्नातल्या पायाचे जोडे केले होते."

रॉइसने बिल्ला त्याच्या हातात ठेवला. मर्लने तो अर्लीनच्या मेळ्याच्या वेषातल्या ओढणीला लावला, मग खाली बसून कागद अंथरला.

"पाय ठेव."

तिने ठेवला. हाडाभोवती पेन्सिल फिरवताना त्याला स्वतःची फार लाज वाटली.

"गुदगुल्या होतायत," अर्लीन म्हणाली, आणि पाय तसाच राहू दिला.