साहेबरावच्या वाढपाची पाळी

किस्से कणगीतल्या बाजरीसारखे असतात. खालून पसाभर काढली की वरची आपोआप सरकते. परवा शिरूरला आम्ही चार जुने हॉस्टेलकर भेटलो आणि एक चहा संपेस्तोवर सत्तरच्या दशकातलं अख्खं कॉलेज टेबलावर सांडलं. त्यात थोडं मीठ माझं आहे. ओळखता आलं तर वेगळं काढा.

* * *

हॉस्टेलात आम्ही सतराजण. रोज एकानं सगळ्यांना जेवण वाढायचं. मेसचा सेक्रेटरी मी, पाळ्यांची यादी माझ्या अक्षरातली. साहेबराव निमोण्याचा, बौद्धवाड्यातला, वर्गात पहिला. त्याचं नाव यादीत कधीच यायचं नाही. टाकू नको असं मला कुणी सांगितलंही नव्हतं.

त्यानं एकदा विचारलं, "सेक्रेटरी, सोळाव्यानंतर परत पहिला येतो, हे कुठलं गणित?"

मी म्हणालो, हुशार पोराला अभ्यासासाठी सवलत.

"मंग दुसऱ्या नंबरवाल्याला बी द्या की."

दुसरा नंबर माझा होता. शिरूरला भेटलेले बाकीचे तिघं हे अजून मान्य करत नाहीत.

* * *

एका सकाळी साहेबरावच्या दारावर कोळशानं शिवी लिहिलेली दिसली. जातीवरून. त्याची वळकटी बाहेर नळाखाली भिजत पडलेली. आम्ही बघितलं आणि दात घासायला गेलो.

प्राचार्यांनी त्याला बोलावून गोडीत सुचवलं, मागच्या बाजूची खोली घे.

"घेतो सर. पण लिहिणाऱ्याला नवा पत्ता कळवा. न्हाईतर बिचारा दुसऱ्याच्याच दारावर लिहायचा."

खोली बदलली नाही.

* * *

आमचे रेक्टर सर अंगानं बारीक, आवाज त्याहून बारीक. लिहिणारा भांडगावचा बबन, बागायतदाराचा पोरगा, हे त्यांना त्याच्या बाहीवरच्या कोळशावरून तासाभरात कळलं होतं. सरांनी चौकशी समिती नेमली आणि अध्यक्ष केलं बबनला!

समितीनं सगळ्यांच्या अक्षराचे नमुने घेतले. अध्यक्षांनी स्वतःचा नमुना डाव्या हातानं दिला. तीन दिवसांनी निष्कर्ष निघाला, काम बाहेरच्याचं आहे.

सर म्हणाले, "उत्तम. बाहेरचा परत येऊ नये म्हणून आजपासून तुझी खाट साहेबरावच्या दारात. आधी दार धुवायचं. पुन्हा एक अक्षर दिसलं, तर पहारेकऱ्याचं नाव कॉलेजातून कमी."

त्यानंतर बबन त्या दारावर पालसुद्धा टिकू देत नसे.

* * *

पण बातमी दौंडला पोचली. साहेबरावचे वडील तिथं रेल्वेत गँगमन. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते आले, कुणाकडं पाणीही मागितलं नाही. लेकाला म्हणाले, बास झालं शिक्षण, कामाला लागायचं. साहेबरावनं ट्रंक भरली. बी.ए.ची परीक्षा चार महिन्यांवर होती.

रेक्टर सर आडवे आले नाहीत. आबांची माफी मागितली, दुपारच्या जेवणापर्यंत थांबा म्हणाले, आणि माझ्याकडं वळले. "आज पाळी कुणाची?"

यादीत नाव माझं होतं. मी म्हणालो, "साहेबरावची."

साहेबरावनं आबांकडं पाहिलं. "वाढतो. पर एक जरी पानावरनं उठला, तर मी चाललो."

* * *

पंगत बसली. आबा दाराशी ट्रंकेवर.

आमच्या मेसमध्ये वाढपी दोस्ताला आमटी ढवळून, तळाच्या डाळीसकट वाढायचा आणि नावडत्याला वरचं नुसतं पाणी. त्यावरून रोज भांडणं, रोज माझ्याकडं तक्रारी.

साहेबराव बादली घेऊन निघाला. पहिलं पान बबनचं. तो उठला असता तर निम्मी पंगत उठली असती. त्यात मी बसून राहिलो असतो का, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही.

साहेबरावनं वाटीत पळी रिकामी केली. बबन वाटीकडं बघत राहिला. कुणाचा हात ताटाला लागेना.

मग मान वर न करता बबन म्हणाला, "वरचं पाणी मला व्हय? खालनं ढवळून वाढ."

"पाळी माझी हाय. मिळतंय ते खा."

"सेक्रेटरी, तक्रार लिहून घ्या ह्याची."

दाराशी ट्रंक करकरली. आबा उठले, नळावर हात धुतले आणि बबनच्या शेजारी मांडी घालून बसले.

"साहेबा, मला तेवढं खालनं वाढ. ह्याचं तुझं तू बघ."